साखळीचा खेळ

कर्नाटकाच्या सीमेकडे चाललेय म्हटल्यावर घरी सगळ्यांनी एकच विचारलं, तिकडे बघण्यासारखं काय आहे? बिदरचा किल्ला आहे, कलबुर्गीचा किल्ला आहे, जुने दर्गे आहेत, बसवकल्याण आहे. यातलं मी काहीही पाहिलं नाही. मी पोरांचे खेळ घ्यायला गेले होते आणि चार दिवसांत एक सभागृह, एक बसस्थानक, एका घराची ओसरी आणि एक मैदान एवढंच पाहून परत आले. किल्ल्यांच्या आशेने कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांनी इथेच थांबावं, मी मुळीच रागावणार नाही.

माझं काम जरा विचित्र आहे. तरुणांच्या शिबिरांत पहिल्या सकाळी पोरं-पोरी भिंतीला चिकटून उभी असतात, कुणी कुणाशी बोलत नाही, तेव्हा संयोजक मला पुढे ढकलतात. मी शिट्टी फुंकते, गोल करायला लावते, चेंडू फेकायला लावते, एकमेकांच्या नावांना शेपट्या जोडायला लावते. तासाभरात ती खिदळायला लागली की माझं काम संपलं. मग भाषणवाले येतात. पंचवीस वर्षं हे करतेय. अलीकडे मला या कामाचा वीट आलाय, तेही सांगून टाकते. कारण खेळून, हसून, घामाघूम होऊन पोरं जेवायला जातात तेव्हा पुन्हा आपापल्या कोंडाळ्यात बसतात. सकाळी ज्याच्या खांद्यावर पडून हसला, त्याच्या शेजारची जागा रिकामी असली तरी वळसा घालून आपल्या माणसापाशी जातात. हे इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली जेवणाच्या वेळी मी पाठ करून बसते.

अशात मिलिंद सरांचा फोन आला. हे हुमनाबादकडच्या एका गावचे, शाळेत पी.टी. शिकवणारे. मागे लातूरच्या एका शिबिरात ओळख झाली होती. मी शिबिरातल्या खेळांचं छोटं पुस्तक लिहितेय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "ताई, आमच्या पोरायचा खेळ बगायला या," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकात आमच्या गावचं एक पान पायजे मला." वाटेत मादन हिप्परग्याला एक सकाळ खेळ घ्या, तिथं माझ्या ओळखीची पोरं हायेत, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून मी निघाले.

मादन हिप्परगा

अक्कलकोट मागे पडलं की जमीन काळी होत जाते. जानेवारी संपत आला होता. तूर काढून झालेली, बांधांवर तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या, ज्वारी हुरड्यात. रस्त्यावर माणूस कमी आणि आभाळ फार. मला असल्या मोकळ्या मुलखात उगीचच उदास वाटतं. शेजारची म्हातारी कानडीतून सुरू झाली, मधेच मराठीत आली आणि उतरताना मला दोन्ही भाषांत काहीतरी आशीर्वाद देऊन गेली.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात तीसेक पोरं-पोरी जमली होती. नेहमीप्रमाणे भिंतीला चिकटून. पाच गट करायचे म्हणून मी ओळीने एक ते पाच आकडे म्हणायला सांगितलं. पहिला पोरगा म्हणाला, "लाभ." दुसरी म्हणाली, "दोन." मग तीन, चार, पाच, आणि पुन्हा "लाभ."

"अरे, एक म्हण ना."

"मॅडम, पहिल्याला एक मनत न्हाईत," तो म्हणाला. "लाभ मनतेत. खळ्यावर आमचा आज्जा असंच मोजतो. पहिलं माप लाभाचं."

हे मी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं, पण माणसं मोजताना कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बरं म्हटलं आणि सवयीने ओरडले, "एक नंबरवाले इकडे या!" कुणी हललं नाही. सहाजणं जागच्या जागी उभी राहून हसत होती. "आमी लाभ हाव मॅडम. एक कोन हाय ते तुमीच बगा." शेवटी मी हात जोडून "लाभ, या बाबांनो" म्हटलं तेव्हा ती आली. मनापासून सांगते, त्या दिवशी बरं वाटलं. वहीत लिहून ठेवलं.

पुढे पकडापकडी होती. पळून-पळून गोंधळ झाला तेव्हा मी विचारलं, "आता राज्य कुणावर?" तर मागून कुणीतरी तत्परतेने ओरडलं, "कर्नाटकाचं हाय की मॅडम!" सभागृह हसून हसून लोळलं. माझ्याजवळ एक मोठी पोरगी उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "इथं आमाला मराठी मनतेत, सोलापूरला गेलं की कानडी मनतेत. दोनीकडं राज्य आमच्यावरच येतंय."

जेवायला कडक भाकरी होती. आपल्याकडे अशी भाकरी पुढे आली तर शिळी म्हणून नाक मुरडू. तिथे ती मुद्दाम तशी करतात, महिनाभर टिकते, आणि बोटांनी मोडून दाण्याच्या चटणीशी आणि घट्ट डाळीशी खातात. आपली अंबाडी तिथे पुंडी झालेली, पण आंबटपणा तोच. पोरं जेवायला बसली. कोंडाळी करून. मी खिडकीकडे तोंड केलं आणि पुंडीची भाजी दोनदा घेतली.

हुमनाबाद

दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी हुमनाबादला पोचले. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. लॉऱ्या, धाबे, डिझेलचा वास, आणि बसस्थानकात चारी दिशांना जाणारी माणसं. गाड्यांवरच्या पाट्या कानडीत. मला त्यातलं एक अक्षर लागत नाही, पण विचारायला कमीपणा वाटला. एका गाडीत बरीच मराठी बोलणारी माणसं दिसली म्हणून बसले. खिडकीची जागा, पिशवी मांडीवर, सगळं कसं छान. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी खिडकीच्या गजावर नाणं वाजवलं.

"अक्का, तुमी खेळवाल्या का? ह्या गाडीत कामून बसलात? ही बिदरला जायलीय!"

ही प्रज्ञा, मिलिंद सरांची मुलगी. हुमनाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. उंच, काटक, केस कसून बांधलेले, पायात झिजलेले खेळाचे बूट. सोबत तिची मैत्रीण भाग्यश्री, त्याच गावची, त्याच वर्गातली, गोल चेहऱ्याची आणि तोंडाची टकळी बंद न होणारी. दोघींनी मला बिदरच्या गाडीतून उतरवून बरोबर गाडीत घातलं. त्या माझ्या पुढच्या सीटवर बसल्या. मोबाइलची एकच वायर, एक टोक हिच्या कानात, एक तिच्या. मिरचीभजीचा एकच पुडा दोघींच्या मध्ये. मला एक भजं मिळालं आणि डोळ्यांतून पाणी आलं, त्यावर दोघी हसल्या.

"कधीपासूनची मैत्री?" मी विचारलं.

"पहिलीपासून," भाग्यश्री म्हणाली. "पण हिच्यासंगं पळापळी खेळायची न्हाई अक्का. जिल्ह्याच्या शर्यतीत पळून आलीय ही. हिला धरणं हुतच न्हाई."

प्रज्ञा भजी खात बाहेर बघत होती.

हुमनाबाद सोडलं की काळी माती संपते आणि लाल लागते. निर्णा गावाच्या बाजूला फाटा फुटला आणि गाडी डुलत आत शिरली. पुढच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की ही गोष्ट एका गावाची होईल, आणि ती तशी नाही. गाव दिसायला लागलं तशी भाग्यश्रीने कानातली वायर काढली, रुमालाने हात पुसले आणि उठून पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. उतरायची घाई असेल, असं मला वाटलं.

सरांचं घर गावाच्या पूर्वेच्या टोकाला, बुद्धविहाराला लागून. त्यांच्या आजोबांच्या काळात या आळीनं बौद्ध धर्म घेतला. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले. सरांची स्वतःची चार एकर आहे, धाकटा भाऊ बँकेत आहे. चहा झाला. ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. आत त्यांच्या पत्नी, ललिताबाई, भाकरी थापत होत्या. उन्हं उतरत होती. सर सहज बोलावं तसं बोलायला लागले.

"ताई, ल्हानपणी मी कधी औट झालो न्हाई."

मला वाटलं, पी.टी. मास्तर फुशारकी मारतायत.

"एकदाबी न्हाई. शाळंच्या मैदानात समदे खेळायचे, मलाबी घ्यायचे. नको मनायचे न्हाईत, खोटं कामून सांगू? पण राज्य कधी माज्यावर आलं न्हाई. मी पळायचो, माझ्यामागं पोरं पळायची, अन् धरायचं कुणीच न्हाई. मला वाटायचं, मी लई जोरात पळतो. घरी येऊन आईला सांगायचो, आजबी कुणी धरलं न्हाई मला. ती नुसती बगायची."

काय सांगतायत ते माझ्या ध्यानात यायला लागलं होतं.

"नववीत कबड्डीला हुमनाबादला नेलं आमाला. तिथल्या पोरायला काय ठाऊक मी कोन. चढाईला गेलो. दोघांनी पाय धरले, तिसरा अंगावर पडला. रेषा हातभर हुती ताई. पण मला सुटायचं सुचंना. मी हसाय लागलो. खाली पडून हसायलो, अन् ते मला दाबायलेत. डाव गेला. भाईर आल्यावर मास्तरांनी थोबाडीत दिली." त्यांनी गालावरून हात फिरवला. "त्या दिवशी कळलं मला, की मी काय लई जोरात पळत न्हाई."

"आणि तरी पी.टी. मास्तर झालात?"

"पळायची सवय लागली हुती की," ते म्हणाले, आणि हसले. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी मला कशासाठी बोलावलं ते सांगितलं. चार वर्षांपासून त्यांनी तरुण मंडळ चालवलंय. गावातली आणि या आळीतली, दोन्ही बाजूंची पोरं-पोरी रविवारी एका मैदानात खेळतात. खेळ झाला की आपापल्या घरी जेवायला जातात. उद्या मात्र सगळ्यांनी मैदानातच जेवायचं ठरलं होतं. भाकरी ज्याने त्याने घरून आणायची, डाळ सरांच्या घरची. एवढी एक गोष्ट ठरायला चार वर्षं लागली, असं ते म्हणाले.

"आमचं ते जुनं गेलं आता, ताई. उद्या तुमी बगा. पोरींची साखळी घ्या. माझी पोर तेज हाय, मीच शिकवलंय. पण पंधरा-वीस पोरी हात धरून आल्या की कुणीबी सापडणारच. तिला धरल्यालं मला बगायचंय. तेवढंच लिवा पुस्तकात."

पंचवीस वर्षांत हजार बापांनी मला विचारलं असेल, आमची पोरगी जिंकली का. आपली मुलगी सापडावी म्हणून जीव टाकणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला.

"उद्याचं उद्या बोला," आतून ललिताबाई म्हणाल्या. मग हात पुसत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि मला विचारलं, "ताई, डाळ किती शिजायला टाकू? तुमी लई शिबिरं बगितलीत. खातेल का न खातेल, कसं समजायचं?"

"सगळ्यांची टाक," सर म्हणाले. ललिताबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी मान खाली घातली.

मैदान

सकाळी मैदानात चांगली चाळीसेक पोरं-पोरी होती. कडेला कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्यावर सूर्य पाठीशी घेऊन बसलेली गावातली दहा-बारा मोठी माणसं. मी त्यांनाही खेळायला बोलावलं. "आमी बगताव," ते म्हणाले. बघणारी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यांचं मी मनावर घेत नाही.

पहिला दीड तास इतका सुंदर गेला की मीच चकित झाले. नावांचा चेंडू झाला. रुमाल उचलायचा खेळ झाला. डोळे बांधून काठीने मडकं शोधायचं झालं. पोरं लाजत नव्हती, पोरी आरडाओरडा करत होत्या, प्रज्ञाने तीनदा रुमाल पळवला तेव्हा दोन्ही बाजूंच्या पोरींनी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. सर झाडाखाली उभे राहून माझ्याकडे बघत होते, म्हणजे बघा, मी सांगितलं नव्हतं का, अशा नजरेने. मीही मनात म्हटलं, चला, इथे तरी काहीतरी झालंय.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. पुढचा खेळ कुठला म्हणून मी विचारलं की पोरंच सांगत, "मॅडम, चेंडूचा घ्या", "मॅडम, रुमालाचा घ्या". प्रत्येक खेळात दोन माणसांच्या मध्ये काहीतरी होतं. आणि हात धरून गोल करायची वेळ आली तेव्हा प्रज्ञा न चुकता आपल्या दोन चुलत बहिणींच्या मध्ये उभी राहत होती. हे सगळं मला परतीच्या गाडीत आठवलं. पंचवीस वर्षांचा अनुभव असा उपयोगी पडला.

साखळीची वेळ झाली तेव्हा सर म्हणाले, "तुमी सुरू करा. मी पोरं घिऊन जेवनाचं आनतो." ज्यासाठी मला पुण्याहून बोलावलं ते बघायला ते थांबले नाहीत. धीर झाला नसावा असं मला वाटतं. मुलगे त्यांच्यामागून गेले. मैदानात सतरा पोरी, मी, आणि भिंतीवरची माणसं.

मी नियम सांगितले. जिच्यावर राज्य तिने पकडायचं. पकडली गेली तिने हात धरायचा. अशी साखळी वाढत जाईल. टोकाच्या दोघींनीच पकडायचं, साखळी तुटली तर पकडलेलं बाद. "आणि शेवटी उरेल ती जिंकली," हे मी सवयीने जोडलं. भाग्यश्री पुढे आली. "माझ्यावर राज्य, अक्का." भिंतीवर तिचे चुलते बसले होते हे मला मागाहून समजलं.

सुरुवातीला प्रज्ञाला कुणी पकडूच शकलं नसतं. ती पळते ते बघण्यासारखं आहे. डोकं हलत नाही, खांदे हलत नाहीत, पाय तेवढे जमीन सोडतात. एकेक करत पोरी सापडत गेल्या. प्रज्ञाच्या चुलत बहिणी मात्र साखळी जवळ यायच्या आतच "थकलो" म्हणून बाहेर जाऊन बसल्या. साखळी पाचची झाली, आठची झाली. आठ पोरी हात धरून पळायला लागल्या की मैदान लहान होतं. दोनदा साखळीचं टोक प्रज्ञाच्या अगदी जवळ गेलं. दोन्ही वेळा ते वळलं आणि लांबच्या, हळू पळणाऱ्या पोरीकडे गेलं. मला वाटलं डाव आहे, आधी सोप्या धरायच्या.

तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं. आणि मला दिसलं, की प्रज्ञानेही पाहिलंय.

तिने वेग कमी केला. मग पळायचं सोडून चालायला लागली. मग मैदानाच्या मधोमध उभी राहिली, छाती वरखाली होत होती, आणि तिने एक हात पुढे धरला. साखळी तिच्यावर चालून आली. टोकाला भाग्यश्री होती, केस तोंडात, हसून लाल झालेली. ती हातभर अंतरावर येऊन थांबली.

"पळ की गं," ती म्हणाली. "पळाल्याबिगर कसं धरू?"

"धर की," प्रज्ञा म्हणाली.

भाग्यश्रीने एकदा भिंतीकडे बघितलं. एवढंच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते तसंच राहिलं, नको तितका वेळ. मग ती वळली, तिच्यामागे अख्खी साखळी वळली, आणि मैदानाच्या कोपऱ्यात रेणुका नावाची एक छोटी पोरगी उरली होती तिला त्यांनी गाठलं. आता प्रज्ञा एकटी राहिली. "प्रज्ञा जितली!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला हात सोडावे लागतात. साखळी संपली. भिंतीवरूनही दोघा-तिघांनी टाळ्या दिल्या.

माझ्या नियमाप्रमाणे ती जिंकलीच होती. त्यांना लपायला जागा मीच करून दिली होती. शिट्टी माझ्या तोंडात होती. खेळ संपलेला नाही, धरा तिला, असं मला म्हणता आलं असतं. मी शिट्टी फुंकून खेळ संपवला. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही. आणि वर कडी म्हणजे बक्षिसाला आणलेला पेन मी तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, एक क्षण बघितला आणि रेणुकाच्या हातात दिला.

थोड्या वेळाने फाटकातून सर आले. एका हाताला कडीचं मोठं पातेलं, दुसऱ्या बाजूने एका पोराने धरलेलं. त्यांनी ते खाली ठेवलं. घाम पुसला. "झाली का साखळी? कोन जितलं?"

भाग्यश्री पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"रेणुका जितली, अप्पा," प्रज्ञा म्हणाली. "मला धरलं की. भाग्यानं धरलं."

सर मोठ्याने हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. "धरलं का! शाबास गं भाग्या! जिल्ह्याच्या पोरीला धरलीस!" मग माझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "खरंच धरलं का, ताई?"

"हो," मी म्हणाले.

ऊन चढलं तशी भिंतीवरची माणसं उठून जेवायला घरी गेली. मुलं मैदानात बसली. त्या दिवशी मी जेवणाऱ्यांकडे पाठ केली नाही. ललिताबाई पळी घेऊन फिरत होत्या. काही पोरांनी भाकरीबरोबर घरून चटणी आणली होती, "डाळ नको काकू, पोटात दुखायलंय" म्हणाली. पोटात दुखणारी बरीच निघाली. काहींनी ताट पुढे केलं. भाग्यश्रीने केलं. मान वर न करता तिने डाळ खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. तूर नवी होती, डाळ लसूण घालून केलेली, मी दोन भाकरी खाल्ल्या, कारण ललिताबाई बघत होत्या. शेवटी त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "निम्मी गेली," त्या म्हणाल्या. ती तक्रार होती की समाधान ते मला त्यांच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी निघाले. सर सोडायला आले होते. पुस्तकाचं तेवढं बगा, म्हणाले.

महिना होत आला तरी ते पान लिहून होईना. साखळीचे नियम चार ओळींत मावतात. सरांना हवं होतं ते लिहिलं तर खोटं, पाहिलं ते लिहिलं तर त्यांच्या हसण्याचं काय करायचं? शेवटी परवा प्रज्ञाला फोन केला. ती गाडीत होती, मागे भाग्यश्रीची बडबड ऐकू येत होती. मी विचारलं, हे सगळं जसं झालं तसं लिहू का?

"लिवा अक्का. गावाचं नाव नका लिवू."

"पण अप्पांनी वाचलं म्हणजे? तुला कुणी धरलं नाही, हे त्यांना कळेल."

"अप्पांना ठाऊक हाय," ती म्हणाली. "पातेलं घिऊन ते फाटकापाशी उभेच हुते. मी त्यांला बगितलं, त्यांनी मला बगितलं."

तिकडे कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव ओरडत होता.

"मग तू तसं का सांगितलंस? आणि ते तरी इतके का हसले?"

"मग काय मनायचं हुतं, अक्का?" प्रज्ञा म्हणाली. "समद्यांनी अजून जेवायचं हुतं."